नव्या गावात मुलांसाठी जिल्हा परिषदेची शाळा निवडताना

बदली होऊन आडगावात आलेलं कुटुंब असो की शहर सोडून मूळ गावी शेतीकडे परतलेलं, घरातलं सामान लावून होत नाही तोच मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो. शेजारी विचारलं तर उत्तर तयार असतं: "खालच्या आळीतली शाळा चांगली," किंवा "वाडीवरच्या शाळेत काही राम नाही." या उत्तरांवर मी फारसा विसंबत नाही. गावातल्या शाळेचं नाव बहुतेक वेळा एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी कमावलेलं असतं, आणि त्यांची बदली होऊन तीन-चार वर्षं उलटली तरी लोक तेच नाव घेत राहतात. उलटंही होतं. ओस पडत चाललेल्या शाळेत दोन मनापासून शिकवणारे शिक्षक येतात, पण पारावरचं मत काही लवकर बदलत नाही. म्हणून तुलना करायची ती आजच्या शाळेची, आणि त्यातही तुमचं मूल ज्या वर्गात बसणार आहे त्या वर्गाची.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांबद्दल आहे. सकाळी गावात येऊन मुलं गोळा करणाऱ्या पिवळ्या गाड्या आणि त्यांच्या इंग्रजी शाळा हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

पायरी १: शाळांची यादी करा

लहान गावातही पर्याय एकच असतो असं नाही. गावठाणात एक शाळा असते, वाड्या-वस्त्यांवर द्विशिक्षकी शाळा असतात, मोठ्या गावात मुलींची वेगळी कन्याशाळा असते, काही ठिकाणी उर्दू माध्यमाची शाळा असते. थोड्या अंतरावर केंद्रशाळा असते. आसपासच्या शाळांचा मिळून एक गट केलेला असतो, त्याला केंद्र म्हणतात आणि त्यातल्या मुख्य शाळेला केंद्रशाळा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. तुमची यादी साधारण एवढ्याच परिघात तयार होते.

प्रत्येक शाळेच्या नावापुढे आधी एकच गोष्ट लिहा: ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे. कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवी म्हणजे प्राथमिक, पण आपल्याकडे चौथीपर्यंतच्या शाळा अजून भरपूर आहेत आणि पाचवीचा वर्ग पुष्कळदा हायस्कूलला जोडलेला असतो. चौथीनंतर या शाळेतली मुलं जातात कुठे, कशाने जातात, त्यातल्या मुलींपैकी किती जणी पुढे शिकतात, हे आत्ताच विचारून ठेवा. दोन मुलं असतील आणि एक पहिलीत, एक पाचवीत जाणार असेल, तर दोघं एकाच शाळेत असण्याची सोय काही घरांना बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटू शकते. त्यात चूक काहीच नाही.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर अंगणवाडीही याच यादीत घ्या. अंगणवाडी शाळेच्याच आवारात भरत असेल तर पहिलीत जाताना मुलाला ना जागा नवी असते ना माणसं.

पायरी २: घरबसल्या मिळणारे आकडे बघा

देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. त्यानंतरचे आकडे जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा सांगतात. हा क्रमांक बहुतेक शाळांच्या भिंतीवर किंवा पाटीवर रंगवलेला असतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्यावरून, किंवा जिल्हा-तालुका-गाव निवडून, शाळेचं माहितीपत्रक बघता येतं.

तिथल्या लांबलचक माहितीतून तुम्हाला दोनच गोष्टी उतरवून घ्यायच्या आहेत: इयत्तावार पट आणि शिक्षकांची संख्या. जमलं तर आधीच्या दोन वर्षांचेही आकडे घ्या. पट हळूहळू उतरत असेल तर कारण शोधायला हवं. ते शाळेत असेल असंही नाही. गावातली तरुण कुटुंबं एमआयडीसीकडे गेली की चांगल्या शाळेचाही पट घसरतो. शौचालय, वीज, ग्रंथालय, संगणक यांचे रकाने वाचा, पण त्यांवर निर्णय घेऊ नका. ही माहिती शाळाच भरते आणि ती वर्षातून एकदा भरली जाते. कागदावर संगणक 'आहे' असला तरी तो प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेला आहे की मुलांच्या हाताखाली, ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

पायरी ३: पट, शिक्षक आणि जोडवर्ग

नव्याने आलेली माणसं सगळ्यात जास्त गोंधळतात ती इथे, त्यामुळे इथे जरा थांबू.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५ असं प्रमाण दिलं आहे. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक, असा हिशेब आहे. राज्यात मंजूर पदं ठरतात ती दरवर्षीच्या संचमान्यतेत, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्याचे निकष शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून प्रत्येक शाळेत तीन आकडे वेगवेगळे विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि आज शाळेत प्रत्यक्ष हजर किती. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान निघू शकतो. एखादे शिक्षक दुसऱ्या शाळेत तात्पुरते पाठवलेले असतात, एखाद्या बाई प्रसूती रजेवर असतात, एखादं पद निवृत्तीनंतर रिकामंच असतं.

आता वाडीवरच्या शाळेचं उदाहरण घेऊ. पहिली ते चौथी मिळून २८ मुलं, शिक्षक दोन. एका शिक्षकामागे १४ मुलं म्हणजे शहरातल्या महागड्या शाळेलाही न परवडणारं प्रमाण झालं. पण दोन शिक्षकांकडे चार इयत्ता आहेत. म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, किंवा पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी. एकाच शिक्षकाकडे एकत्र बसणाऱ्या अशा इयत्तांना जोडवर्ग म्हणतात. दुसरीकडे केंद्रशाळा: सातवीपर्यंत १४० मुलं, मंजूर शिक्षक सहा, हजर चार. मोठी शाळा म्हणून तिथे प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक असेल असं आपण धरून चालतो, पण सात वर्ग चौघांत वाटले की तिथेही जोडवर्गच होतात, आणि तेही जास्त मुलांचे. म्हणून नेमका प्रश्न विचारायचा तो असा: "माझी मुलगी दुसरीत येणार आहे. दुसरीचा वर्ग कोणत्या वर्गासोबत बसतो, आणि शिकवतं कोण?"

जोडवर्ग म्हटलं की शहरातून आलेल्या पालकांच्या पोटात गोळा येतो. त्याचं एवढं कारण नाही. जोडवर्ग चालवणं हे एक कसब आहे आणि ते ज्यांना येतं त्यांच्या वर्गात मुलं लवकर स्वावलंबी होतात. धाकटी मुलं थोरल्यांचं ऐकून पुढचं शिकतात, थोरली समजावून सांगताना पक्की होतात. ते ज्यांना येत नाही त्यांच्या वर्गात अर्धी मुलं अर्धा दिवस फळ्यावरचं उतरवून काढत बसतात. फरक ओळखायची खूण सोपी आहे. शिक्षक एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी इयत्ता काय करते ते बघा. त्यांच्या हातात शब्दपट्ट्या, मणी, काड्या, गटात सोडवायचं काही असेल, एखादं मूल गटप्रमुख म्हणून काम पुढे नेत असेल, तर वर्ग जमलेला आहे. "पान नंबर बारा काढा आणि लिहा" हेच दर तासाला ऐकू येत असेल तर पट कितीही लहान असला तरी उपयोग नाही.

दोनच शिक्षकांच्या शाळेचं खरं दुखणं वेगळं आहे. एक जण प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेला की चारही वर्ग एकाच खोलीत येतात. कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण मतदार याद्यांचं काम निवडणुकीतच मोडतं, आणि त्यात भर म्हणून ऑनलाइन माहिती भरणं बारा महिने चालूच असतं. यात शिक्षकाला दोष देऊन काही साधत नाही. "अशा दिवशी तुम्ही कसं जमवता?" हे मात्र विचारा. ज्यांनी विचार करून ठेवलाय ते लगेच सांगतात.

मग बदल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात. त्यासाठी शाळांची अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी केलेली असते, आणि शिक्षकाने एका ठिकाणी घालवलेली वर्षं त्यात मोजली जातात. तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षकांना या शाळेत किती वर्षं झाली ते सहज बोलता बोलता विचारा. ज्यांच्या नावावर शाळा चालते त्या बाईंना बरीच वर्षं झाली असतील तर पुढच्या फेरीत त्या नसण्याची शक्यता धरा आणि बाकीचे शिक्षक कसे आहेत ते बघा. शाळेची सगळी घडी एकाच माणसावर बसलेली असेल तर ती त्याच्यासोबत विस्कटते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी जगाला कळलं ते तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा. छोट्या गावातल्या छोट्या शाळेत काय होऊ शकतं हे त्यातून दिसलं. पण प्रत्येक गावात असं कुणी असेलच असं नाही, आणि असलं तरी किती वर्षं असेल ते सांगता येत नाही.

पायरी ४: शाळा भरलेली असताना जाऊन या

सुट्टीत बंद शाळेची इमारत बघून मत बनवू नका. शाळा भरायच्या वेळेला जा, म्हणजे परिपाठ सापडेल. परिपाठ पंधरा-वीस मिनिटांचा असतो, पण त्यात बरंच दिसून जातं. रोज ठरलेली दोन हुशार मुलंच पुढे येतात की सगळ्यांना आळीपाळीने संधी मिळते, बातम्या कोण वाचतं, गैरहजर मुलांची चौकशी होते का, मुलं शिक्षकांशी मोकळी बोलतात की मान खाली घालून उभी राहतात. शनिवारी बहुतेक ठिकाणी सकाळची शाळा असते, ते लक्षात ठेवून वार निवडा.

आधी मुख्याध्यापकांना भेटा. लहान शाळांत स्वतंत्र मुख्याध्यापक नसतो, ज्येष्ठ शिक्षकांकडे पदभार असतो आणि तेच वर्गही घेत असतात. म्हणून तास चालू असेल तर थांबा. "सर, आम्ही गावात नवीन आलोय, मुलाला शाळेत घालायचंय, थोडी शाळा बघू का?" एवढं पुरतं. तपासणीला आल्यासारखं वही-पेन काढून उभं राहिलं की माणसं आखडतात, आणि ते स्वाभाविक आहे. खरे तपासणारे त्यांच्याकडे काही कमी येत नाहीत.

दर्शनी भागावर 'आयएसओ मानांकित', 'डिजिटल शाळा' अशी अक्षरं असतील. लोकवर्गणीतून रंगवलेल्या बोलक्या भिंती असतील, पायऱ्यांवर पाढे असतील. हे वाईट नाही, गावाने शाळेसाठी खिसा सैल केला एवढं तर त्यातून कळतंच. पण रंग कधी दिला आणि त्यावरचं मुलं वापरतात का, हे निराळं. मी असेन तर सरळ मुलांच्या वह्या मागेन. वहीत तारखा सलग आहेत का? लाल शाईची बरोबरची खूण सगळ्या पानांवर एकसारखी मारली आहे की चुकीखाली दुरुस्ती लिहिली आहे? सगळ्या वर्गाच्या वह्यांत निबंध शब्दन् शब्द सारखा आहे का? स्वतःच्या मनाने लिहिलेली चार मोडकीतोडकी वाक्यं वहीत दिसली तर मला ती शाळा जास्त आवडेल. तसंच ग्रंथालयाच्या पेटीतली पुस्तकं उघडून बघा. कोपरे दुमडलेली, डाग पडलेली, शिवण सुटलेली पुस्तकं म्हणजे ती वाचली जातात. कोरी करकरीत पुस्तकं कुलूपबंद कपाटात छान दिसतात, बस्स.

पायरी ५: मुलांना वाचता येतं का

प्राथमिक शाळेचं पहिलं काम वाचायला आणि आकडेमोड करायला शिकवणं. 'असर' नावाचं सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन हेच बघत आलं आहे. मुलापुढे अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात आणि ते कुठपर्यंत पोचतं ते नोंदवतात. तुम्हाला एवढा सोपस्कार करायची गरज नाही. शेजारपाजारची तिसरी-चौथीतली मुलं संध्याकाळी अंगणात असतातच. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घेऊन "मला ही गोष्ट वाचून दाखवतोस का?" म्हणा. एकाच शाळेतल्या चार-पाच मुलांनी वाचलं की अंदाज येतो. वाचून झाल्यावर गोष्टीत काय झालं ते विचारा, कारण अडखळत नसलेलं वाचन पाठांतरही असू शकतं. गणितात हातच्याची वजाबाकी घाला. मुलाला न जमल्यास लगेच विषय बदला. बिचाऱ्याला वाटायला नको की नवीन आलेले काका परीक्षा घेतात.

हुशार मुलांवरून शाळा मोजू नका. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुलं बसली, नवोदयला कोण लागलं, याचे फलक शाळा अभिमानाने लावतात. ते कौतुकाचंच आहे, पण शेवटच्या रांगेतल्या मुलाला वाचता येतं का, हे त्या फलकावर लिहिलेलं नसतं.

नवोदयचा विषय निघालाच आहे तर नव्याने आलेल्यांसाठी एक माहिती: जवाहर नवोदय विद्यालयात सहावीत प्रवेश मिळतो, परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्या जागांसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. शहरातून चौथीत आलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे बहुधा उशिरा कळतं.

तुमच्या घरात मराठी बोलली जात नसेल, किंवा गावातली मुलं अहिराणी, गोंडी, भिली, बंजारा बोलत असतील, तर पहिलीच्या शिक्षकांशी त्याबद्दल स्वतंत्र बोला. मुलांच्या घरच्या भाषेतले शब्द वर्गात चालतात का, की "मराठीत बोल" म्हणून गप्प केलं जातं? पहिल्या वर्षी मूल शाळेत रमतं की नाही, ते पुष्कळसं यावर ठरतं.

पायरी ६: सेमी इंग्रजीचा मोह

इंग्रजी हा विषय राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून आहे. सेमी इंग्रजी म्हणजे त्याशिवाय गणित, आणि पुढे विज्ञान, इंग्रजीतून. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांनी पट टिकवायला ते सुरू केलं आणि काही शिक्षक उत्तम शिकवतात. माझं मत विचाराल तर, निव्वळ 'सेमी आहे' म्हणून शाळा वर धरू नका. वर्गात बसून ऐका: गणिताची संकल्पना मुलाला समजेल अशा मराठीत सांगून मग इंग्रजी संज्ञा देतात, की पुस्तकातलं इंग्रजी वाक्य वाचून पुढे जातात? दुसऱ्या प्रकारात मुलाचं गणितही जातं आणि इंग्रजीही येत नाही. आणि सेमीचे शिक्षक बदलून गेल्यावर काय, हा प्रश्न इथेही आहेच.

पायरी ७: रस्ता, पाणी, शौचालय, खिचडी

रस्ता मुलासोबत पायी चालून बघा. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा जुलैत दुथडी भरून वाहतो आणि पलीकडच्या शाळेत मूल दोन-दोन दिवस पोचत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता ओलांडावा लागतो का, मोकाट कुत्री कुठे असतात, पाऊस आला तर आडोसा कुठे आहे, ही माहिती तिथली थोरली मुलंच सगळ्यात चांगली देतात. अंतराने थोडी दूरची पण वाटेत सोबत असलेली शाळा लहान मुलाला सोयीची पडू शकते.

शौचालय आहे का हे विचारू नका, उघडून बघा. मुलींच्या शौचालयाला कडी आहे का, आत पाणी आहे का, किल्ली कुणाकडे असते. पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली. चालायला त्रास असलेल्या मुलासाठी उतार (रॅम्प) नुसता बांधलेला आहे की चाकाची खुर्ची खरंच वर जाईल असा.

दुपारच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. वाढण्याआधी शिक्षकांनी चव बघायची आणि तशी नोंद करायची असते. जेवणाच्या वेळेला गेलात तर मागून थोडं खाऊन बघा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी दोन शब्द बोला. माल वेळेवर येतो का, मुलं किती जेवतात, ताटं कोण धुतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. सगळी मुलं एका पंगतीला बसतात ना, एवढं आपल्या डोळ्यांनी बघा.

पायरी ८: माणसांना विचारा, पण नेमकं विचारा

"शाळा कशी आहे?" याला "बरी आहे" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा: मागच्या महिन्यात शाळा किती दिवस एकाच शिक्षकावर चालली? मूल दोन दिवस गेलं नाही तर घरी कुणी विचारायला येतं का? मारतात का? शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहे, पण "दोन फटके दिले तर काय बिघडलं" म्हणणारे पालकही गावात असतात, त्यामुळे हा प्रश्न मुलांनाही विचारावा लागतो. शाळेतलेच शिक्षक संध्याकाळी पैसे घेऊन शिकवणी घेतात का? त्यालाही कायद्यात मनाई आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याला, शक्यतो एखाद्या आईला, गाठा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात काय ठरलं, हे तिला आठवत असेल तर समिती जिवंत आहे. "घरी रजिस्टर आलं, मी सही केली," असं उत्तर आलं तर तेही तुमच्या तुलनेत लिहून ठेवा. दोन शाळा बाकी सगळ्यात सारख्या असतील तर मी जागी समिती असलेली शाळा निवडेन, कारण शिक्षकाचं पद रिकामं राहिलं की पंचायत समितीत जाऊन बसणारे तेच पालक असतात.

गावच्या राजकारणातून आलेलं मत ओळखायला शिका. शाळेच्या जागेवरून, पोषण आहाराच्या कामावरून, समितीच्या अध्यक्षपदावरून दोन गट पडलेले असू शकतात. एका गटाचं ऐकून शाळा नाकारण्याआधी दुसऱ्यालाही भेटा.

पायरी ९: निर्णय

सगळ्या मुद्द्यांना गुण देऊन बेरीज करायचा सल्ला मी देत नाही. बेरजेत रंगीत भिंती आणि रिकामं शिक्षकपद एकाच मापाने मोजलं जातं. त्यापेक्षा चाळण लावा. पहिली चाळण: मूल तिथे सुरक्षित पोचतं का आणि त्याला मारहाण किंवा भेदभाव होत नाही ना. इथे अडली ती शाळा बाद. दुसरी: त्याच्या वर्गाला नियमित हजर असणारं, लक्ष देणारं कुणी आहे का. तिसरी: तिसरीतली मुलं वाचतात का. तीन चाळण्यांतून दोन शाळा शिल्लक राहिल्या तर मग अंतर, सेमी, मैदान, भावंडांची सोय, तुमच्या घराला जे महत्त्वाचं वाटेल ते बघा.

लहान पटाच्या शाळेबद्दल "ही बंद पडेल" असं सांगणारे भेटतील. वीसच्या आतला पट असेल तर हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा, येत्या दोन-तीन वर्षांत पहिलीत किती मुलं येणार हे अंगणवाडीत विचारावं. सहा-सात मुलांच्या शाळेत तुमच्या मुलाच्या इयत्तेत दुसरं कुणीच नसेल, तर शिक्षक चांगला असूनही ते मूल एकटं पडतं, याचाही विचार करा.

पायरी १०: प्रवेश घेताना

पहिलीसाठी ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला, आधार, फोटो आणि वरच्या इयत्तेत असेल तर आधीच्या शाळेचा दाखला, एवढं बरोबर ठेवा. यातलं काही नसेल म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही किंवा दाखला यायला उशीर झाला, या कारणांवरून मुलाला परत पाठवायचं नाही, असं कायदाच सांगतो. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. प्रवेशासाठी चाचणी, मुलाखत, देणगी यांतलं काहीही चालत नाही. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. वर्षाच्या मध्ये आलात तर संच शिल्लक आहे का ते आधी विचारा, नसेल तर वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची जुनी पुस्तकं शाळाच मिळवून देते.

जुन्या शाळेतून ऑनलाइन नोंद नव्या शाळेत हलवून घ्यायची राहून जाते, आणि मग मूल दोन्ही पटांवर किंवा कुठल्याच पटावर दिसत नाही. दोन्ही मुख्याध्यापकांचं फोनवर बोलणं करून द्या. ३० सप्टेंबरच्या आत हे झालं तर तुमचं मूल नव्या शाळेच्या पटात धरलं जातं. ६०-६१ च्या काठावर असलेल्या शाळेत एका नावानेही फरक पडू शकतो. कामासाठी काही महिने बाहेर जाणारी कुटुंबं असतील त्यांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत मूल त्याच इयत्तेत बसू शकतं.

अडचण आलीच तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, हा क्रम पाळा. थेट वर तक्रार केली की पुढची पाच वर्षं त्याच शाळेत मूल घालायचंय हे आठवतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रवेशानंतरचा पहिला महिना वह्या रोज उघडून बघा, पालकसभेला जा. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आणि पुनर्परीक्षेतही मूल नापास झालं तर ते त्याच वर्गात राहतं, म्हणून चौथीच्या दिवाळीपर्यंत वाचन-लेखन कच्चं वाटत असेल तर वर्गशिक्षकांशी तेव्हाच बोला. बदल्यांची यादी निघाली की वर्गशिक्षक कोण राहिले ते विचारून घ्या. जून उजाडेपर्यंत थांबू नका.